कंपौंडरांच्या सात वाट्या

मी हवालदाराला सलग तीन दिवस तांबडा रस्सा घातला. हवालदार म्हणजे आमच्या गल्लीतला कुत्रा. खात्यातला खराखुरा हवालदार असता तर त्याने वर अजून एक वाटी मागून घेतली असती आणि माझं नाव झालं असतं. कुत्रा होता म्हणून माझी शोभा झाली, आणि ती शोभा गल्लीत अजून चवीने सांगितली जाते. दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं म्हणून लिहायला बसलो. मात्र एक आधीच नोंदवून ठेवतो. या सगळ्या प्रकरणात दगा झाला तो माझ्याशी, असं माझं अजूनही पुष्कळसं मत आहे. आणि दगा देणारे होते आमचे कंपौंडर.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात उभी नोकरी गेली, त्यातली निम्मी गगनबावड्याला. तिथल्या पावसात औषधांच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या आणि हे वास घेऊन औषध ओळखायचे, असं ते सांगत. निवृत्त होऊन आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायला आले. बायको वारलेली, मुलगी शिरोळला दिलेली. रस्त्यावरची चार कुत्री आणि तीन मांजरं यांना दोन वेळचं जेवण घालायचं, हा त्यांचा संसार. पण एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी पाहिला नाही. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "लाड कराय अख्खी गल्ली हाय की, मास्तर. पोट कोण बघणार?"

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, म्हणून मी मास्तर.

सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, सात स्टीलच्या वाट्या बाहेर येत. कुत्र्यांच्या चार वाट्या विजेच्या खांबापासून पुढे, एकीपासून दुसरी दहा पावलांवर. मांजरांच्या तीन वाट्या वर, कुंपणाच्या भिंतीवर, कारण मांजराला मागून कुणी येईल अशी धास्ती असली की ते घास न चावता गिळतं. प्रत्येकाची जागा ठरलेली, वाटी ठरलेली. कंपौंडर काठी टेकून मधोमध उभे राहत आणि शेवटची वाटी चाटून होईपर्यंत हलत नसत. मग सातही वाट्या उचलून, घासून, उन्हात पालथ्या. रस्त्यावर एक शीत मागे राहत नसे. त्यामुळे कुत्र्यांच्या नावाने शिमगा करणाऱ्या कोपऱ्यावरच्या मावशींनाही तक्रारीला जागा सापडेना. "सांडाय तरी पायजे हो ह्या माणसानं काहीतरी," असं त्या एकदा हताश होऊन म्हणाल्या होत्या.

वाटीत काय? कुत्र्यांना भात आणि चिकनवाल्याकडून आणलेला कलेजी-पेटा, उकडून. मांजरांना भात जवळजवळ नाहीच. मांजर मांसावरच जगतं, त्याला भाकरीवर वाढवणं म्हणजे बैलाला मटण घालण्यापैकी आहे, असं ते म्हणत. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. शिजवलेलं हाड तर नाहीच नाही, ते फुटून आतडं फाडतं. कुणी कुत्र्याला बिस्कीट टाकताना दिसलं की लांबून ओरडायचे, "ओ पावणं! ते खाऊन त्येचं पोट भरत न्हाय, तुमचं मन भरतंय फक्त!" थंडीत बाहेरच्यांना घास वाढवायचे, कारण थंडी अंगावर काढायला अन्न लागतं. उन्हाळ्यात जेवणाआधी पाणी. रस्त्यावरच्या जनावराची भूक ऋतूप्रमाणे बदलते. भूगोलाच्या मास्तराला हे भूगोल म्हणून कुणी कधी शिकवलं नव्हतं.

माझ्याकडे घरातलं एक मांजर होतं, ठमी. तिच्यामुळेच माझा त्यांच्याशी संबंध आला. मी पहाटे म्हशींच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जातो. म्हैस समोर उभी, ग्लासात फेस, मिशीवर फेस. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला याहून मोठं सुख माहीत नाही. असं सुख ठमीला का नसावं, म्हणून मी रोज अर्धा लिटर तिच्यासाठी आणू लागलो. चौथ्या दिवशी ठमीने आमच्या सोफ्याचं, गादीचं आणि माझ्या शाळेच्या बॅगेचं जे केलं ते लिहिण्यासारखं नाही. मी तिला टोपलीत घालून कंपौंडरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पोटाला बोट लावलं आणि विचारलं, "दूध?"

"धारोष्ण," मी अभिमानाने म्हणालो.

"म्हशीनं ते रेडकासाठी काढलंय. तुम्ही पिताय त्येचंच मला नवल वाटतंय. ह्या मांजराला कशाला?"

पुढे ठमी दूध विसरली, पण जाड होतच गेली. घरातलं जनावर जाड का होतं याचं कंपौंडरांनी एका वाक्यात निदान केलं. "बाहेरचं जनावर पोटासाठी खातंय, घरातलं तुमचं मन राखाय खातंय." मग त्यांनी सल्ला दिला : रोजचं खाणं मापून, ठरल्या वेळी घालायचं आणि ते हळूहळू कमी करायचं. मी शिष्य म्हणून उत्साही आहे. दुसऱ्या दिवसापासून मी ठमीचं खाणं थेट निम्म्यावर आणलं.

ते तीन महिने मी कसे काढले, मला ठाऊक. ठमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्याकडे अशी बघायची, की मला भाकरी घशाखाली उतरायची नाही. दर रविवारी मी तिला घेऊन वजनकाट्यावर उभा राहायचो, मग तिला खाली ठेवून एकटा उभा राहायचो आणि वजाबाकी करायचो. तीन महिन्यांत ठमी पावशेरही उतरली नाही. मी मात्र दोन किलोंनी वाढलो, कारण तिच्या वाटचं शिल्लक राहिलेलं चिकन टाकवत नसे. कंपौंडरांना सांगितलं की ते खांबाकडे बघत म्हणायचे, "एकेकाचा बांधा असतोय, मास्तर."

मग कंपौंडर पडले. सकाळच्या वाट्या घासताना मोरीत पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मुलगी त्यांना गाडीत घालून दवाखान्यातूनच शिरोळला घेऊन निघाली. जाता जाता गाडी गल्लीत थांबली. त्यांनी काचेतून हात बाहेर काढून माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. "सात वाट्या. काय घालायचं ते तुम्ही बघितलंय. दुसरं काय घालू नका." आणि गाडी हलल्यावर, मान वळवून : "हवालदार डोळ्यांनी मागतोय. बघू नका त्येच्याकडं."

मी शपथेवर सांगतो, पहिले पंधरा दिवस मी चोख काम केलं. सहाच्या ठोक्याला वाट्या, दहा पावलं, उकडलेला कलेजी-पेटा. संध्याकाळी साडेसहाला शिरोळहून फोन यायचा. ते माझी चौकशी करत नसत. सातही जणांची नावं एकेक करून घेत, मी "जेवला", "जेवली" म्हणायचो, ते "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. वर्गात हजेरी मी घेतो. इथे माझी चालली होती.

त्याच दिवसांत ठमी झडझडून उतरू लागली. एका रविवारी वजाबाकी केली तर अर्धा किलो कमी. मी आनंदाने काटा घेऊनच स्वयंपाकघरात गेलो. "सुमन, बघ! तीन महिन्यांच्या तपाला आत्ता फळ आलं!"

सुमनचा हात भाकरीवर थांबला. "अहो, आता सांगूनच टाकते," ती म्हणाली. "तुम्ही शाळेत गेलात की अकरा वाजता कंपौंडर मागच्या खिडकीशी यायचे. ठमीसाठी वाटीत उकडलेलं चिकन असायचं. मी खिडकी उघडायची."

"किती दिवस?"

"पहिल्या आठवड्यापासून. मला म्हणाले, मास्तरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. कारण असं आहे की..."

पुढचं मी ऐकलंच नाही. कसं ऐकणार? ज्या माणसाने सगळ्या गल्लीला शिस्त लावली, मिठाचा कण चालू दिला नाही, तो माझ्याच घरात, माझ्याच बायकोकडून, माझ्याच खिडकीतून माझ्याच मांजराला चोरून चारत होता! आणि मी काट्यावर चढउतार करत होतो. वजन उतरत नाही म्हटल्यावर खांबाकडे बघून बांध्याच्या गोष्टी सांगत होता! मांजराने तरी? सकाळी माझ्यासमोर उपासाचं तोंड करायचं आणि अकरा वाजता खिडकीत जेवायचं. तिघांनी मिळून मला उल्लू बनवलं होतं. शाळेत पोरं मागून नकला करतात ते ठाऊक असतं, तो नोकरीचा भाग आहे. पण घरात?

नेमक्या त्याच दिवशी मेहुण्याच्या नातवाचं जावळ होतं. आमच्याकडे जावळाचं जेवण म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे उरणारच. संध्याकाळच्या आतच मेहुण्याने दुधाच्या किटलीत गळ्यापर्यंत तांबडा रस्सा भरून धाडला. किटली बघून माझ्या मनात एकच विचार आला : नियम करणाराच नियम मोडतो, तर मी कोण लागून गेलो पाळणारा? संध्याकाळी हवालदाराने माझ्याकडे त्या डोळ्यांनी बघितलं. आणि मी बघितलं.

त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. भात, वर रस्सा, बरोबर तोंडीलावणं म्हणून दोन हाडं. हवालदाराने वाटी अशी चाटली की घासायचं काम उरलं नाही. मला वाटलं, कंपौंडरांनी एवढ्या वर्षांत दिलं नाही ते सुख मी तीन दिवसांत दिलं.

चौथ्या दिवशी हवालदार खांबाशी आलाच नाही. दुपारी मावशींच्या पायरीखाली सापडला. उठवेना. उलट्या झालेल्या, हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या, आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची. मी आणि सुमनने त्याला चादरीत घालून रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"काय खाल्लंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं.

"कांदा-लसूण किती होता त्यात?"

"डॉक्टर, जावळाचा रस्सा आहे. मोजून कोण घालतं?"

ते म्हणाले की कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त फुटतं, मांजराचं तर त्याहून लवकर. सलाइन लावतो, हाड कुठे अडकलंय का ते बघतो, पण आत्ता काही सांगता येत नाही. सुमन सहाच्या वाट्यांसाठी परतली होती, मी तपासणीच्या ओट्याजवळ उभा होतो. हवालदार डोळे उघडे ठेवून पडला होता, पण आता ते डोळे काही मागत नव्हते.

तेवढ्यात साडेसहा वाजले आणि खिशात फोन वाजला. मी पळत बाहेर, दवाखान्याच्या पायरीवर आलो. सहा नावांना मी "जेवला, जेवली" म्हणालो.

"हवालदार?"

"ठणठणीत."

मग कंपौंडर म्हणाले, "त्येचा आवाज ऐकवा बघू."

आता इथे शहाणा माणूस काय करेल? रडेल, कबूल करेल, फोन तरी कापेल. मी भुंकलो. दवाखान्याच्या पायरीवर, एक गाय, दोन शेळ्या आणि त्यांचे मालक यांच्यादेखत, मी तोंडाशी हात धरून तीनदा भुंकलो.

"बरं," कंपौंडर म्हणाले आणि फोन ठेवला.

हवालदार बारा दिवस दवाखान्यात होता. रोज शाळा सुटली की मी तिथे. रोज साडेसहाला "ठणठणीत" आणि पलीकडून "बरं". तेराव्या दिवशी तो आपल्या पायांनी गल्लीत आला, खांबाजवळ बसला. मी स्वतः उकडलेला कलेजी-पेटा वाटीत घालून पुढे ठेवला. त्याने वाटीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि उठून दहा पावलं लांब जाऊन बसला. सुमनने तीच वाटी उचलून त्याच्यापुढे ठेवली, तर मुकाट्याने जेवला. ज्याच्यासाठी मी चारचौघांत भुंकलो, त्याने हे करावं!

दीड महिन्याने कंपौंडर आले ते घर आवरायला. मुलगी त्यांना एकटं ठेवायला तयार नव्हती. वॉकर धरून ओट्यावर बसले होते. मी ठरवूनच गेलो होतो की आधी आपण तोंड उघडायचं.

"कंपौंडर, तुम्ही माझ्या पाठीमागं ठमीला खायला घालत होता."

"व्हय," ते म्हणाले. "मी तुमास्नी हळूहळू कमी करा म्हणालतो. तुम्ही एका दिवसात निम्मं केलासा. कुत्रं दोन दिवस उपाशी ऱ्हाईल. जाड मांजर उपाशी ठेवलं की त्येचं यकृत बिघडतंय, आन् मग ते खायाचं म्हटलं तरी खाईत न्हाय. मरतंय."

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगिटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं असतं."

माझ्याबरोबर आलेली सुमन दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, कळलं नाही.

"एवढा विश्वास नव्हता, तर कुत्री माझ्याकडे का सोपवलीत?"

"गाडी थांबली तवा गल्लीत तुम्हीच एकटं हुबं होता की."

हवालदार येऊन त्यांच्या पायांशी बसला होता. कंपौंडरांनी वाकून त्याचा ओठ वर करून हिरडी बघितली. गुलाबी होती. मग त्यांनी हात मागे घेतला नाही. त्याच्या डोक्यावरून फिरवला, एकदाच. मी ते पाहिलं आणि मला सगळं सांगावंसं वाटलं : किटली, तीन दिवस, हाडं. मी सुरुवात केली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "हवालदार आयुष्यात कधी एकापेक्षा जास्त वेळा भुंकला न्हाय. तुम्ही तीनदा भुंकलासा. त्याच दिवशी मी डाक्टरला फोन लावला."

"म्हणजे तुम्हाला बाराही दिवस..."

"रोज दोन टाइमाला डाक्टर सांगायचा. आन् साडेसहाला तुम्ही." ते खाली बघून बोलत होते. "मला उठता येत न्हवतं, मास्तर. मी रोज वाट बघायचो, आज तरी सांगतील. रस्सा घातलासा, ते जाऊ दे, गाढवपणा हाय, माणूस करतोय. पण ठणठणीत म्हणालासा. बारा दिवस."

एवढा वेळ दगा माझ्याशी झाला म्हणून मी छाती काढून उभा होतो. बसायला जागा शोधू लागलो. त्यांनी माझ्याशी लपवलं ते माझं मांजर जगावं म्हणून, आणि मी त्यांच्याशी लपवलं ते माझं तोंड वाचावं म्हणून. हे मला तिथे, त्या ओट्यावर, बारा दिवसांच्या हिशोबासकट कळलं. तरी मनाच्या कोपऱ्यात एक कुरकूर होतीच : माहीत होतं तर रोज नुसतं "बरं" का म्हणत राहिले? एकदा शिवी तरी हासडायची!

गाडीत बसताना त्यांनी सात वाट्या सुमनच्या हातात दिल्या. "वैनी, घालायचं तुम्ही. घासायचं मास्तरांनी." तेव्हापासून आमच्याकडे अशीच वाटणी आहे. सहाला सुमन काठी घेऊन मधोमध उभी राहते आणि मी लांब कठड्यावर बसून वाट्या रिकाम्या व्हायची वाट बघतो. ठमी आता आटोपशीर झाली आहे. हळूहळू.

गेल्या पावसाळ्यानंतर कंपौंडर गेले. साडेसहाला फोन वाजला आणि पलीकडे त्यांची मुलगी होती, तेव्हाच मी समजलो. पण त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला शिरोळला गेलो होतो, ते सांगायचं राहिलं.

फोनवर ते तेव्हा नावं घेऊन झाली की थोडं थांबायचे. एकदा म्हणाले, "हितं सगळं आळणी हाय, मास्तर. हृदयाच्या डाक्टरनं मीठ बंद केलंय, तेल बंद केलंय. पोरगी मापून घालती." मला काही ते सहन झालं नाही. ज्या माणसाने सगळ्यांना घातलं, त्याने आळणी भातावर दिवस काढायचे? मी सुमनला न सांगता खानावळीतून डबा भरून घेतला आणि एसटीत बसलो. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग, गाडी मुंगीच्या पावलाने. मी डबा पोटाशी धरून ऊब टिकवत होतो.

कंपौंडर खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. मुलगी चहा टाकायला आत गेली. मी दाराकडे एक नजर टाकली, डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हळूच झाकण काढलं. लालभडक तर्री, वर कोथिंबीर. खोलीभर वास सुटला. त्यांनी डोळे मिटून तो वास खोल घेतला, गगनबावड्याच्या बाटल्यांचा घ्यायचे तसा. मग झाकण लावलं, घट्ट दाबून बसवलं, डबा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले,

"मास्तर, हवालदारावर भागलं न्हाय व्हय तुमचं?"